आठवणीतील गाव आणि जमिनीचे वाङ्मय

ग्रामजीवनाचे चित्रण करणाऱ्या लेखनाचा विचार करताना मराठी समीक्षेची दृष्टी बहुधा कथा, कादंबरी आणि आत्मकथन या प्रकारांपुरती मर्यादित राहते. समाजशास्त्रीय ग्रंथ साहित्याच्या प्रांतात मोडत नाही, असा संकेत त्यामागे असतो. एम. एन. श्रीनिवास यांचा १९७६ साली प्रसिद्ध झालेला ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ हा ग्रंथ या संकेताचा फेरविचार करावयास लावतो. जुन्या म्हैसूर संस्थानातील, कावेरीच्या परिसरातील एका शेतकरी गावाचा हा वृत्तान्त आहे. लेखकाने गावाला ‘रामपुरा’ हे कल्पित नाव दिले आहे. पण त्यातील माती, माणसे आणि व्यवहार यांत कल्पित असे काही नाही.

श्रीनिवास यांचा जन्म १९१६ साली म्हैसूर शहरात झाला. महाराजा महाविद्यालयातील शिक्षणानंतर ते मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांचे विद्यार्थी झाले आणि पुढे ऑक्सफर्डला गेले. मालवणच्या घुर्ये यांच्या हाताखाली इरावती कर्वे यांचीही जडणघडण झाली होती, हा दुवा मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १९४८ साली श्रीनिवास रामपुऱ्यात राहावयास गेले. पाटलाच्या मालकीच्या, बैल बांधण्याच्या घरात त्यांचे बिऱ्हाड होते. १९५२ च्या उन्हाळ्यात ते पुन्हा तेथे गेले. जमवलेल्या नोंदींवर पुढील अठरा वर्षे संस्कार होत राहिले. एप्रिल १९७० मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथील अभ्यासकेंद्राला आग लावण्यात आली, तीत या संस्कारित टिपणांच्या तिन्ही प्रती जळून गेल्या. सोल टॅक्स या मानववंशशास्त्रज्ञाने आठवणीच्या आधारे लिहावे असे सुचविले आणि त्यातून हा ग्रंथ सिद्ध झाला.

ही घटना चरित्रात्मक तपशील म्हणून सोडून देता येत नाही. ग्रंथाचा घाटच तिने ठरविला आहे. मूळ टिपणवह्या भारतात शिल्लक असल्या, तरी वर्गीकरणाची रचून ठेवलेली चौकट नाहीशी झाली होती. कोष्टक मागे पडले आणि माणूस पुढे आला. पाटील, नाडू गौडा आणि कुळ्ळे गौडा या तिघांसाठी लेखकाने स्वतंत्र प्रकरण योजले आहे. अधिकार गाजविणारा, सौजन्याने वागणारा आणि लटपटी करून जगणारा अशा तीन स्वभावांतून गावाची सत्तारचना उलगडत जाते. ‘प्रभुजाती’ ही श्रीनिवास यांची प्रसिद्ध संकल्पना येथे व्याख्येच्या रूपाने येत नाही, तर पाटलाच्या बोलण्याचालण्यातून येते. स्मृती तपशील गाळते हे खरे; परंतु जे टिकवते त्याला अर्थाचे वजन देते. कादंबरीकाराची निवडही यापेक्षा फार वेगळी नसते.

या ग्रंथाचे सर्वांत मोलाचे प्रकरण शेतीविषयीचे आहे. शेती हा व्यवसाय नसून ते एक संपूर्ण विश्व आहे, हा त्याचा आशय. भाताची लावणी एकट्यादुकट्याने होत नाही. पाणी सुटले की थोड्या दिवसांत पुष्कळ हात लागतात, आणि ते हात कोणाचे, हा प्रश्न जात, देणेघेणे आणि आश्रितपण यांत गुंतलेला असतो. पाण्याखालचे भात आणि पावसावरची नाचणी यांची वेळापत्रके निराळी. बैलाची निगा, शेणखताची जपणूक आणि बांधावरून होणारी कुरबुर यांवरून शेतकऱ्याची लायकी जोखली जाते. जमिनीची भूक सर्वव्यापी आहे. दुसऱ्या मार्गाने पैसा मिळविणाऱ्यालाही शेवटी जमीनच हवी असते, कारण प्रतिष्ठा तेथेच मुरते. पाऊस ओढ देतो तेव्हा गावकरी बसवण्णाच्या देवळात फुलाचा कौल लावतात आणि कौल मिळेना तर देवालाच बोल लावतात. श्रद्धा आणि सलगी यांचे हे मिश्रण श्रीनिवास यांनी उपरोधाचा स्पर्शही होऊ न देता टिपले आहे.

या संदर्भात व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ची (१९५५) आठवण होणे अपरिहार्य आहे. दोन्हींकडे निवेदक बाहेरून आलेला, शिकलेला तरुण आहे. दोन्हींकडे गावचा कर्ता पुरुष त्याला स्वीकारतो आणि त्याच्या आश्रयाने गाव त्याला दिसू लागते. परंतु माडगूळकरांच्या मास्तराला तालीम उभारावयाची आहे, गाव घडवावयाचे आहे. श्रीनिवास यांना केवळ समजून घ्यावयाचे आहे. माणदेशी वस्ती दुष्काळाने उठून जाते आणि कादंबरी शोकात्म होते. रामपुऱ्यात पाणी आहे, म्हणून तेथे अंत नाही, स्थित्यंतर आहे: भाताची गिरणी येते, मोटारगाडी येते, पाटलाची पुढची पिढी शहराकडे पाहू लागते. पाण्याचे असणे-नसणे हे ग्रामीण कथानकाच्या आकृतिबंधावर कसे परिणाम करते, याचे हे बोलके उदाहरण म्हणता येईल.

मात्र एका बाबतीत माडगूळकरांचे पारडे जड ठरते. रामपुऱ्याची माणसे कन्नडमध्ये जगतात आणि ग्रंथात इंग्रजीत बोलतात. त्यांच्या म्हणींचा, शिव्यांचा, कामकऱ्यांच्या शब्दांचा ओलावा या भाषांतरात आटतो. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली लिहिलेला ‘गावगाडा’ येथे आठवतो. आत्र्यांचा सूर प्रसंगी कठोर आणि सुधारकी आहे, श्रीनिवास यांची समजूतदार ममता त्यांच्यापाशी नाही. पण वतन, बलुते, हक्क यांचा सारा कोश ते गावाच्याच भाषेत उभा करतात. एकाजवळ भाषा आहे, दुसऱ्याजवळ सहानुभाव.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे आणि ती श्रीनिवास यांनी स्वतःच नोंदविली आहे: हे गाव उच्चवर्णीयाच्या नजरेतून पाहिलेले आहे. पाटलाच्या आश्रयाने राहणाऱ्या पाहुण्याला गावाच्या सर्व वाटा मोकळ्या नव्हत्या. दलित वस्ती या ग्रंथात श्रमाच्या रूपाने सतत हजर असते, आवाजाच्या रूपाने क्वचित. तो आवाज ऐकण्यासाठी म्हैसूर परिसरातल्याच दुसऱ्या कृतीकडे वळावे लागते. देवनूर महादेव यांची ‘कुसुमबाले’ ही लघुकादंबरी १९८४ ची. तिला १९९० चा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला. नंजनगूड भागातील बोलीत लिहिलेल्या या कृतीत दलित तरुण आणि उच्चजातीय स्त्री यांच्या प्रेमाचा शेवट त्या तरुणाच्या हत्येत होतो. श्रीनिवास जेथे व्यवस्थेचा समतोल पाहतात, तेथे देवनूर त्या समतोलाची किंमत कोणी मोजली हे सांगतात. मराठीत ‘गावगाड्या’नंतर दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) वाचताना असाच प्रत्यय येतो: ज्याला आत्रे व्यवस्थेचे एक अंग म्हणून मांडतात, ते पवारांच्या लेखनात अपमानाचे नाव होते.

तथापि यावरून श्रीनिवास यांचा ग्रंथ बाद ठरत नाही. १९६० नंतरच्या मराठी ग्रामीण साहित्याने बोली, माणसे आणि दुःख पुष्कळ आणले. आनंद यादवांच्या ‘झोंबी’सारख्या (१९८७) कृतीने कुळाच्या घरातील राबणुकीचा हिशेबही मांडला. तरीही जमीन ही पुष्कळदा पार्श्वभूमीच राहिली. खत कोठून येते, पाण्याची पाळी कोण ठरवतो, बैल विकावा लागला तर घरात काय मोडते, या प्रश्नांतून स्वभाव आणि संघर्ष घडविण्याची दृष्टी विरळ आहे. ती दृष्टी रामपुऱ्याच्या वृत्तान्तात आहे. तिला ‘गावगाड्या’ची भाषा आणि ‘कुसुमबाले’चा जाब विचारणारा आवाज यांची जोड मिळाली, तर ग्रामीण साहित्य गावाच्या स्मरणरंजनातून बाहेर पडेल. गाव आठवणे पुरेसे नाही. त्या आठवणीत शेत कोणाचे होते आणि त्यात कोण राबत होते, हे लिहिणाऱ्याला सांगता आले पाहिजे.