शरमाओ नक्को

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा पेला उचलताना उजवा तळवा हुळहुळला, आणि आदल्या दिवशीची सगळी संध्याकाळ त्या एवढ्याशा हुळहुळीतून परत आली. टाळ्या वाजवून वाजवून तळवा लाल झाला होता. हैदराबादच्या क्वीअर स्वाभिमान यात्रेत मी आयुष्यात पहिल्यांदा चाललो होतो, आणि चालणे थांबल्यावर रस्त्याच्या कडेला जो फेर धरला गेला त्यात मी, पन्नाशी केव्हाच ओलांडलेला, काचीगुड्यातल्या मराठी घरात वाढलेला माणूस, नाचलो होतो. मन भरून आले होते. पण त्या भरण्यात आनंद किती आणि दुःख किती, हे काही केल्या वेगळे करता येईना. अशा अवस्थेला आपण ‘संमिश्र भावना’ म्हणून मोकळे होतो. आपले काव्यशास्त्र मात्र इथे थबकते आणि बारकाईने पाहते. दोन तुल्यबळ भाव एकमेकांना भेटतात तो भावसंधी, आणि एक भाव ओसरतो न ओसरतो तोच दुसरा, मग तिसरा उसळून येतो ती भावशबलता, असे मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त सांगितले आहे. शबल म्हणजे अनेकरंगी. आदल्या दिवशी डोक्यावर फडफडणारा इंद्रधनुषी ध्वज मला त्या क्षणी नव्याने दिसला. तेव्हा तो नाच पुन्हा एकदा, सावकाश, एकेक तपशील हाती घेऊन आपण पाहू या.

पहिला तपशील विस्तवाचा. नाच सुरू होण्याआधी डप्पू वाजवणाऱ्या दोघांनी फुटपाथच्या कडेला कागद पेटवले आणि आपापले वाद्य त्या जाळावर धरून हळूहळू फिरवले. कातडे शेकले की ताणले जाते, ताणले की आवाज खणखणीत होतो. आपल्याकडचा हलगीवाला हेच करतो, आणि हलगी ज्यांनी शतकानुशतके वाजवली त्यांच्यासारखेच डप्पू वाजवणारे तेलंगणातले मादिगाही गावकुसाबाहेर राहिले. ज्यांच्या वाद्यावाचून गावाचा सण होत नसे आणि ज्यांना त्या सणाच्या पंगतीत पान नसे, त्यांचे हे वाद्य. ते आज दुसऱ्या एका कडेला ठेवलेल्या माणसांसाठी तापत होते. जाळाचा उजेड वादकाच्या हनुवटीवर हलत होता, तो मधूनच बोटाने कातड्यावर टिचकी मारून कान देत होता, आणि भोवतालची तरुण मुले बोलणे थांबवून त्याच्याकडे पाहत होती. वाद्य तापेपर्यंत थांबावे लागते. त्या थांबण्यात जे औत्सुक्य होते, तेच या नाचाचे मंगलाचरण.

मग तीनमार सुरू झाला. हैदराबादेत राहिलेल्या माणसाला हा ठेका शिकवावा लागत नाही. तो वरातीत ऐकलेला असतो, गणपतीच्या मिरवणुकीत ऐकलेला असतो. शहराच्या जुन्या भागात तोच उत्साह मर्फा या वाद्यमेळाच्या रूपाने भेटतो, निजामाच्या फौजेत आलेल्या अरब आणि हबशी सैनिकांनी सोबत आणलेला, आणि आता हैदराबादी लग्नाचा अविभाज्य भाग झालेला. तीनमारच्या नावातच तीन ठोके आहेत. पण कान देऊन ऐकले, तर त्या ठोक्यांच्या मागोमाग एक इवलासा अवकाश येतो, आणि सगळे सौंदर्य मला त्या अवकाशात साठलेले वाटले. ठोके वादकाचे, अवकाश नाचणाऱ्याचा. त्यात कुणी खांदा झटकतो, कुणी मान वेळावते, कुणी नुसतेच डोळे मिटते. वरातीत हा अवकाश मुख्यतः पुरुषांचा, मोठ्या आवाजाचा आणि छाती काढून मिरवण्याचा असतो. इथे एका सडपातळ मुलाने त्यात मनगट वळवले, इतक्या हळुवारपणे की जणू हातावर पाखरू बसले आहे आणि ते उडू नये. ठेका तोच, रस्ता तोच. एका मनगटाने त्या तालाचा स्वभावच बदलला.

आता टाळी. फेराच्या मध्यभागी ज्या चार-पाच हिजडा स्त्रिया नाचत होत्या, त्यांच्या टाळीकडे आपण नीट पाहू या, कारण एरवी आपण तिच्याकडे पाहतच नाही. रेल्वेच्या डब्यात, सिग्नलपाशी ती ऐकू आली की आपली मान आपोआप खिडकीकडे वळते. आरतीची टाळी बोटांवर बोटे ठेवून होते. ही टाळी आडव्या तळव्यांची, बोटे फाकलेली, तळहाताच्या मधल्या मांसल भागातून फुटणारी, कोरडी आणि ठाम. एरवी ती ‘आम्ही आहोत’ एवढेच सांगते, आणि तेवढे सांगण्यासाठीही तिला फार जोर लावावा लागतो. त्या संध्याकाळी ती तीनमारच्या अवकाशात अचूक पडत होती. ठोके डप्पूचे आणि त्यांच्या पाठीवर टाळी हाताची, अशी ती वीण होती. जी टाळी ऐकून आयुष्यभर मान वळवली तिच्यात एवढी लय होती, हे कळले तेव्हा माझ्या मनात आधी हर्ष आला आणि त्याच्या पाठोपाठ लाज. माझा तळवा लाल झाला तो ही टाळी शिकताना.

आणि या टाळीच्या मागे एक कायदा उभा आहे. निजामाच्या राजवटीत, फसली सन १३२९ मध्ये, म्हणजे १९१९च्या सुमारास, हैदराबाद संस्थानाने हिजड्यांची नोंदवही ठेवण्याचा कायदा केला. नोंदलेली व्यक्ती स्त्रीवेशात किंवा दागिने घालून रस्त्यावर दिसली, सार्वजनिक जागी नाचली किंवा तिने वाद्य वाजवले, तर वॉरंटाशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. संस्थान गेले, मराठवाडा १९५६ साली इथून निघून मराठी मुलखाला जाऊन मिळाला, आंध्र झाला, तेलंगण झाले, आणि कायदा नाव बदलत तसाच राहिला. जुलै २०२३ मध्ये तेलंगण उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवून रद्द केला. म्हणजे माझ्यासमोर रस्त्यात दागिने घालून नाचणाऱ्या त्या स्त्रियांचे प्रत्येक पाऊल, प्रत्येक गिरकी, कागदोपत्री शंभराहून अधिक वर्षे गुन्हा होती. हे ठाऊक असताना ती गिरकी पाहिली की तिच्यात एक वेगळाच भार जाणवतो. पायातले घुंगरू जड असतात म्हणून तर पदन्यास उठून दिसतो. तसा हा भार त्या नाचाला उठाव देत होता.

फेर मोठा होत गेला तसा त्याचा आकार माझ्या ओळखीचा वाटू लागला. तेलंगणात भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस बतुकम्मा चालते. तंगेडू आणि गुनुगूची फुले थरावर थर रचून त्यांचा डोंगर करतात आणि त्याच्याभोवती बायका टाळ्या देत, वाकत, पुढे सरकत फेर धरतात. जवळपास त्याच दिवसांत आमच्या काचीगुड्याच्या वाड्यात पाटावर हत्ती काढला जाई आणि त्याच्याभोवती भोंडला रंगे. मी सात वर्षांचा असेन. मोठ्या बहिणीच्या फेरात शिरायला मी धावलो, तेव्हा कुणीतरी प्रेमानेच माझा हात सोडवला आणि म्हटले, “तू नको रे, तू मुलगा आहेस.” मुलांच्या वाट्याला खिरापत होती, फेर नव्हता. त्या दिवशी मी दारात उभा राहून सगळी गाणी पाठ केली. त्या साध्या ‘नको’त कुणाचाही दुष्टावा नव्हता, म्हणूनच कदाचित तो इतकी वर्षे टिकला.

आणि त्या संध्याकाळी काय झाले पाहा. मी कडेला उभा होतो, हात खिशात, पाय मात्र ठेका धरत होते. शास्त्र ज्याला व्रीडा म्हणते ते संकोचाचे पाणी गळ्यापर्यंत आलेले. मधे नाचणाऱ्यांपैकी एकीचे माझ्याकडे लक्ष गेले. कपाळावर ठसठशीत कुंकू, नाकात चमकी, घामाने मानेला चिकटलेले केस. ती फेर ओलांडून आली, हात पुढे केला आणि अस्सल दखनीत म्हणाली, “चाचा, खडे कायकू हैं? आजाओ, शरमाओ नक्को.” या ‘नक्को’पाशी आपण जरा थांबू या. हा आपला ‘नको’. दखनच्या मातीत मराठी आणि उर्दू शेजारी शेजारी नांदल्या, तेव्हा हा शब्द उंबरा ओलांडून पलीकडे गेला, तिथे ‘क’ला द्वित्व मिळाले, उच्चार गुबगुबीत झाला, आणि हैदराबादी माणसाची ओळखच होऊन बसला. मराठीत ज्या शब्दाने माझा हात सोडवला होता, तोच शब्द शेजारच्या भाषेचा अंगरखा घालून आला आणि त्याने माझा हात धरला. नकाराचा शब्द, पण तो संकोचाला नाकारत होता, मला बोलावत होता. पन्नास वर्षांचे अंतर त्या एका जोडाक्षरात मिटले.

अनोळखी हात असे हाती घेणारे दूर अमेरिकेतही आहेत. तिथे समलिंगी स्त्रीपुरुषांचे स्क्वेअर डान्सचे क्लब आहेत. त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना १९८३ साली स्थापन झाली, आणि निरनिराळ्या शहरांत त्यांची संमेलने भरतात. चार जोड्या चौकोनाच्या चार बाजूंना उभ्या राहतात, एकजण पुकारा करतो आणि आठही जण त्या पुकाऱ्याबरहुकूम जागा बदलतात. पुढचा पुकारा कोणता, हे नाचणाऱ्याला आधी ठाऊक नसते. जोडीत डावीकडे उभा राहील त्याचा भाग पुरुषाचा, उजवीकडे राहील त्याचा स्त्रीचा, अशी त्या नाचाची जुनी रीत. या क्लबांनी ती रीत ठेवली आणि शरीराची अट काढून टाकली. कुणीही कोणत्याही बाजूला उभे राहावे. किती साधी आणि किती खोल गोष्ट! स्त्री आणि पुरुष या इथे नाचातल्या दोन जागा आहेत, ज्यांत आपण उभे राहतो आणि ज्यांतून निघूनही जातो. आमच्या फेरात चौकोन नव्हता, पुकारणारा नव्हता. ते काम डप्पूवाला करत होता. पण डावीउजवीकडचे अनोळखी हात ज्या विश्वासाने माझ्या हातात आले, तो विश्वास दोन्हीकडे एकच असणार.

स्त्री आणि पुरुष या नाचातल्या जागा आहेत, हा विचारही आपल्याला परका नाही. बालगंधर्वांची भामिनी आणि सिंधू पाहून आपल्या पणज्यांनी लुगडे नेसायची ढब उचलली, असे घराघरांत सांगतात. इकडे कुचिपुडीत वेदान्तम सत्यनारायण शर्मा या नर्तकाची सत्यभामा तशीच जनमानसात ठसली. ‘भामाकलापा’त सत्यभामेचा प्रवेश फार देखणा. पडद्याआड ती उभी असते, आणि चेहरा दिसण्याआधी तिची दागिन्यांनी मढवलेली लांब वेणी पडद्यावरून बाहेर येते. माझ्या कलेला आव्हान देणारा कुणी असेल तर यावे, असा तो रुबाब. फेरातल्या त्या सडपातळ मुलाने अखेरीस आपली ओढणी तशीच खांद्यावरून पुढे टाकली. त्याच्यापुढे पडदा नव्हता, रंगमंच नव्हता, तिकीट काढून बसलेला रसिक नव्हता. बस थांबवून पाहणारे लोक होते, आणि मोबाइल उंचावणारे. रंगमंचावर जे रूप पाहून आपण डोळे पुसले, तेच रूप रस्त्यावर उतरले की आपल्या भुवया उंचावतात. त्या मुलाच्या डोळ्यांत गर्व होता, आणि त्या गर्वाच्या मागे, पापणी लवावी इतका वेळ, शंकाही होती.

माझ्याही मनात एकामागून एक किती भाव आले! त्या विशीतल्या मुलांचा सहजपणा पाहून कौतुक वाटले आणि लगेच असूया वाटली. या शहरात पहिली अशी यात्रा ३ फेब्रुवारी २०१३ रोजी निघाली, तेव्हा मी वर्तमानपत्रातला तिचा फोटो घडी घालून पुस्तकात ठेवला होता आणि गेलो नव्हतो. त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ पुन्हा जिवंत केले, तेव्हा गेलो नाही तेच बरे झाले असे स्वतःला समजावले होते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी ते कलम आमच्यापुरते निष्प्रभ झाले, त्या रात्री मला एक मित्र आठवला. कॉलेजात आम्ही हुसेनसागरच्या बांधावर तासन्‌तास चालायचो. घरच्यांनी त्याचे लग्न लावून दिले, आणि नंतर आम्ही कधी बोललो नाही. फेरात माझ्या डाव्या हाताला एक मुखवटा घातलेला माणूस होता. केस पिकलेले, मनगटावर जुने घड्याळ, पाय तालात पक्के. त्याने मुखवटा शेवटपर्यंत काढला नाही. तो कोण होता, हे मी विचारले नाही. त्याचा हात मात्र मी जरा घट्ट धरला. हर्ष आणि विषाद तुल्यबळ होऊन भेटतात तो भावसंधी कसा असतो, हे मला त्या हाताने सांगितले.

फेर मोडला तेव्हा दिवे लागले होते. डप्पूवाल्यांनी वाद्ये पाठीला टाकली. तो सडपातळ मुलगा बसथांब्याच्या मागे गेला, रुमालाने त्याने ओठ पुसले, ओढणी घडी करून पिशवीत ठेवली, मग वाकून घुंगरू सोडले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि तेही पिशवीत सरकवले. शर्टाची बटणे लावून तो बसच्या दिशेने निघाला. पाहणाऱ्याला आता तो संध्याकाळी घरी परतणाऱ्या शेकडो मुलांपैकी एक. पण त्याच्या प्रत्येक पावलाबरोबर पिशवीतून घुंगरांचा दबका, अस्पष्ट नाद येत होता. त्याने एकदा पिशवी छातीशी धरून तो नाद थांबवला. बस आली. चढताना त्याने हात सैल सोडला, आणि पिशवी पुन्हा वाजली.