शुक्रवार साधतो, रविवार निसटतो

मराठी ख्रिस्ती उपदेशाची ताकद पाहायची असेल तर उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन चर्चमध्ये जाऊन बसावे. क्रुसावरच्या सात उद्गारांवर एकापाठोपाठ एक वक्ते उभे राहतात, मधून गायने होतात, पंखे नुसतेच फिरत असतात. ही तीन तासांची उपासना सतराव्या शतकात पेरूमधल्या लिमा शहरात जेझुइटांनी रुजवली. आपल्याकडच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी ती इतकी आपलीशी केली की तिचे मूळ कॅथलिक आहे हे कुणाच्या गावीही नसते. पाचवा उद्गार तहानेचा. एप्रिलच्या उन्हात तो ऐकताना एरवी रटाळ बोलणाराही नेमका बोलतो. वाक्ये लहान होतात, आवाज खाली येतो.

दोनच दिवसांनी, पुनरुत्थानाच्या पहाटे, त्याच व्यासपीठावरून काय ऐकू येते? बहुधा वकिली. कबरेवरचा शिक्का, पहारेकरी, गुंडाळलेली वस्त्रे, पाचशे साक्षीदार. जणू समोर बसलेली मंडळी उलटतपासणीलाच आली आहे. किंवा मग नुसत्या शुभेच्छा. उपासना-वर्षात प्रायश्चित्तकाळ चाळीस दिवसांचा आणि पुनरुत्थानकाळ पन्नास दिवसांचा असतो. आनंदाला दहा दिवस जास्त दिले आहेत. प्रत्यक्षात ईस्टर सोमवारपासून पेन्टेकॉस्टपर्यंत सुट्ट्या, लग्ने आणि मुलांची शिबिरे. चाळीस दिवस दु:खावर बोलायला शब्द पुरतात, पन्नास दिवस आनंदावर बोलायला पुरत नाहीत. आजच्या मराठी उपदेशाचे मुख्य दुखणे मला हेच वाटते.

याचे कारण श्रद्धेत नाही, कारागिरीत आहे. दु:खाला आयती कथा आहे: अटक, चौकशी, वाट, मृत्यू. पुनरुत्थानाचे वृत्तान्त तुटक आणि गोंधळलेले आहेत, त्यांतली माणसे घाबरलेली आहेत. मार्कचे शुभवर्तमान घ्या. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ते सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीवर थांबते: स्त्रिया कबरेपासून पळतात आणि भीतीपोटी कुणाला काहीच सांगत नाहीत. वर्षागणिक शुभवर्तमान बदलणाऱ्या कॅथलिक वाचनक्रमात मार्कच्या वर्षी ईस्टरच्या जागरणविधीला हाच उतारा येतो, पण सातव्या ओवीपर्यंतच. देवदूताचा निरोप ऐकू येतो, बायकांचे पळणे गाळले जाते. ती आठवी ओवी घेऊन बोलायची हिंमत करणारा उपदेशक विरळा. आनंदाआधी भीती येते आणि ती लपवायची गरज नाही, एवढे जरी कुणी त्या पहाटे म्हटले तरी पुरावे मांडावे लागणार नाहीत.

आगमनकाळाची गत थोडी निराळी. पहिल्या रविवारची वाचने नाताळची नसतातच. ती युगान्ताची, जागे राहण्याची असतात. मत्तयच्या वर्षी नोहाच्या काळातली खाण्यापिण्यात दंग माणसे येतात, तिसऱ्या रविवारी तुरुंगातला योहान येणारा तो तूच का, असे विचारायला माणसे पाठवतो. अख्ख्या वर्षात इतका प्रामाणिक संशय क्वचित भेटतो. पण तोवर कॅरलची पथके बाहेर पडलेली असतात, गोठ्यांच्या स्पर्धा जाहीर झालेल्या असतात, आणि उपदेश थेट गव्हाणीपाशी जाऊन बसतो. योहान तुरुंगातच राहतो.

प्रायश्चित्तकाळात मात्र एक संधी डोळ्यांसमोर असून हुकते. तिसऱ्या रविवारी, मत्तयच्या वर्षी, योहानच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्री येते. विहिरीच्या काठावर एक यहुदी पुरुष वाळीत टाकलेल्या समाजातल्या बाईकडे पाणी मागतो. जोतीराव फुल्यांनी आपला हौद खुला केला त्या, आणि 1927 साली महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला त्या प्रांतात हा उतारा वाचला जातो. अहमदनगर-जालना पट्ट्यातल्या कितीतरी ख्रिस्ती कुटुंबांच्या आज्या-पणज्यांना गावच्या विहिरीवर मज्जाव होता. तरी उपदेश वळतो तो त्या बाईच्या पाच नवऱ्यांकडे. पाण्याचा विषय निघालाच तर ते लगेच ‘आत्मिक’ पाणी होते. अपवाद आहेत. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या लढ्यात जमीन आणि पाणी हे श्रद्धेचेच विषय मानले, आणि ‘सुबोध बायबल’मध्ये घरात बोलता येईल अशी मराठी दिली. पण एका माणसाच्या कामाने परंपरा होत नाही.

राहिला सामान्यकाळ. वर्षातले तेहतीस-चौतीस आठवडे त्याचे, आणि त्यांतला मोठा भाग आपल्याकडे पावसाळ्यात येतो. सण नाही, सजावट नाही. उपदेशकाचे खरे माप इथे निघते. श्रीरामपूरकडच्या एका लहान चर्चमध्ये जुलैच्या मध्यावर पेरणाऱ्याचा दाखला होता. पाळकांनी आधी विचारले, यंदा दुबार पेरणी कुणाकुणाला करावी लागली? हात वर झाले. मग म्हणाले, तुम्ही बांधावर, रस्त्यावर बी टाकाल का? बायका हसल्या; बियाण्याच्या पिशवीचा भाव त्यांना ठाऊक होता. हा पेरणारा असा उधळ्या का, एवढ्या एकाच प्रश्नावर ते बारा मिनिटे बोलले आणि बसले. चार प्रकारच्या जमिनी म्हणजे चार प्रकारची अंत:करणे, हा घोटून गुळगुळीत झालेला अर्थ त्यांनी उच्चारलाही नाही.

हे जमते, कारण जमण्याची परंपरा आहे. 1616 साली राचोलला छापलेले थॉमस स्टीफन्सचे क्रिस्तपुराण गोव्याच्या देवळांत रविवारी आणि सणांना वाचले जाई. ओवी ऐकणाऱ्या कानांसाठीच ते रचले होते. पुढे अहमदनगरात कृष्णराव सांगळे यांनी आणि मग नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. पूर्वरंगात विचार मांडायचा, उत्तररंगात आख्यान लावायचे: मराठी श्रोत्याला धरून ठेवण्याची ही जुनी युक्ती. आज कीर्तन वर्धापनदिनाच्या कार्यक्रमपत्रिकेत सापडते, रविवारच्या व्यासपीठावर नाही. तिथे तीन मुद्द्यांचा इंग्रजी घाट ठाण मांडून आहे, तिन्ही मुद्दे एकाच अक्षराने सुरू झाले म्हणजे उपदेश बांधीव! पुण्यातल्या मोठ्या धर्मविद्यालयांत शिकवणे इंग्रजीतून चालते. विद्यार्थी टीकाग्रंथ त्या भाषेत वाचतो, टिपणे त्या भाषेत काढतो आणि शनिवारी रात्री त्यांचे मराठी करतो. उज्जीवन सभांनी आणखी भर घातली. पाहुणा एक वाक्य बोलणार, दुभाष्या ते मराठीत सांगणार. या तुटक चालीची इतकी सवय झाली की दुभाष्या नसतानाही आमचे वक्ते वाक्यागणिक थांबतात आणि ‘आमेन?’ म्हणून पावती मागतात.

या सगळ्यावर बोलणार कोण, हाही प्रश्नच आहे. नाटकाचे परीक्षण येते, काव्यसंग्रहाचे येते. कीर्तनकार घसरला तर पुढच्या वर्षी गाव त्याला बोलावत नाही. पाळकाला मात्र उपासनेनंतर दारात हात मिळवून ‘छान झाला संदेश’ म्हणायचे, ही रीत. फार तर, लांबला की घड्याळाकडे पाहायचे. ‘ज्ञानोदय’ 1842 सालापासूनचे, ‘सुवार्ता’ वसईकरांच्या घराघरात जाणारे. अशा मासिकांत उपदेश छापले जातात. त्यांतल्या एखाद्या ईस्टरच्या उपदेशाची पुढच्या अंकात चिकित्सा व्हावी, वाक्यावाक्यावर बोट ठेवून. पहिल्या वर्षी पाळक रागावतील. दुसऱ्या वर्षीचा उपदेश ते शनिवारच्या रात्रीवर सोडणार नाहीत.