समायोजन कुणाशी?
शालेय समुपदेशकाच्या प्रशिक्षणाविषयी

शाळेत समुपदेशक असावा, या मागणीला आता न्यायालयाचा आधार मिळाला आहे. नीटची तयारी करणाऱ्या एका १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी काही मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे त्यांत आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि इतर वंचित विद्यार्थ्यांशी भेदभाव न करता कसे वागावे, हे कर्मचाऱ्यांना शिकवावे असेही आहे. चांगली गोष्ट आहे. आता पदे निघतील, त्यांच्या मागोमाग अभ्यासक्रम निघतील आणि अभ्यासक्रमांच्या मागे फी येईल. समुपदेशक किती हवेत याचा हिशेब कुणीही करील. त्याला घडवताना शिकवतात काय, हे मात्र आपणच विचारले पाहिजे, कारण त्याच्या टेबलासमोर उद्या आपलीच मुले बसणार आहेत.

या विद्येचा जन्म अमेरिकेतला. १९०८ साली फ्रँक पार्सन्स या गृहस्थाने बोस्टन शहरात व्यवसाय-मार्गदर्शनाची कचेरी उघडली. त्याच वर्षी तो वारला आणि त्याचे पुस्तक १९०९ मध्ये मागाहून निघाले. त्याचे म्हणणे साधे होते. माणसाने आपली कुवत ओळखावी, कामधंद्यांची माहिती घ्यावी आणि दोहोंचा मेळ स्वतःच्या बुद्धीने घालावा. आज हे वाचताना फारसे काही वाटत नाही. पण ज्या देशात धंदा जन्माबरोबर कपाळी लिहून येतो, त्या देशात हे वाक्य स्फोटक आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते आणि जॉन ड्यूई तिथे त्यांचे गुरू होते. पुढे १९३६ साली 'जातिनिर्मूलना'वरील भाषणात बाबासाहेबांनी जातीवर जो आर्थिक घाव घातला, तो नेमका याच ठिकाणी आहे. व्यक्तीची कुवत इतकी वाढवावी की तिला आपला व्यवसाय स्वतः निवडता यावा, आणि जातिव्यवस्था हेच तत्त्व पायदळी तुडवते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. म्हणजे व्यवसाय-मार्गदर्शनाचे मूलतत्त्व या देशात कुणी सर्वांत परखडपणे मांडले असेल, तर ते बाबासाहेबांनी. आपल्या प्रशिक्षणवर्गांत मात्र पार्सन्सचे नाव पहिल्या आठवड्यात येते. बाबासाहेबांचे नाव या विषयाचा विचारवंत म्हणून कुठल्या आठवड्यात येते?

स्वतः बाबासाहेबांना मिळालेले 'मार्गदर्शन' आठवावे. त्यांना संस्कृत शिकायचे होते. ते अस्पृश्य म्हणून शिकू दिले गेले नाही आणि फारसी घ्यावी लागली. विषयनिवड या शब्दाचा आपल्या इतिहासातला अर्थ हा आहे. पुढे कुमुद पावडे यांनी त्याच संस्कृतात एम.ए. करून 'अंतःस्फोट'मध्ये त्याची जी कहाणी लिहिली, ती समुपदेशनाच्या एकाही विद्यार्थ्याने वाचल्याशिवाय पदवी घेऊ नये, असे मला वाटते.

पार्सन्सची विद्या पुढे तशी राहिली नाही. १९५७ साली रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिका घाबरली. १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने समुपदेशक घडवण्यासाठी पैसा ओतला. त्यामागचा हेतू हुशार पोरे हेरून विज्ञानाकडे वळवण्याचा होता. मुलाला निवड करता यावी यासाठी जो आला, तो मुलांची निवड करू लागला. १९६३ साली सिकुरेल आणि किट्सुसे या दोन समाजशास्त्रज्ञांनी एका मोठ्या शाळेतील समुपदेशकांचे काम अभ्यासून दाखवून दिले की कोण महाविद्यालयाच्या लायकीचे आणि कोण नाही, हे ठरवताना परीक्षेतले गुण हा एकच निकष नसतो. मुलाचे घर, त्याचा वर्ग, त्याची वागणूक यांविषयी समुपदेशकाच्या मनात जे साचे असतात, तेही निकाल देतात. आणि हे साचे तो व्यावसायिक भाषेत नोंदवतो, म्हणून ते शास्त्र वाटते. मिशेल ओबामा यांनी २०१८ च्या आत्मकथनात लिहिले आहे की प्रिन्स्टन आपल्यासाठी नाही, असे त्यांना शाळेतल्या समुपदेशिकेने सुचवले होते. त्या तिथे गेल्या आणि १९८५ साली पदवीधर झाल्या. ज्या गेल्या नाहीत त्यांची आत्मकथने निघत नाहीत.

आपल्याकडे ही विद्या आयात झाली. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने मार्गदर्शनाची शिफारस केली आणि १९५४ मध्ये केंद्रीय कचेरी निघाली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक, एवढा किमान कार्यक्रम सुचवला. पदवीनंतरची जी पदविका राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद देत आली, तिची रचना वर्षभराची : सहा महिने घरून वाचन, तीन महिने वर्गात बसून शिक्षण व सराव, तीन महिने आपल्या गावी प्रत्यक्ष काम. रचना वाईट नाही. तिच्या पाठांत मानवी विकास व समायोजन असा एक भाग आहे. माझा सगळा आक्षेप या एका शब्दाभोवती आहे.

समायोजन! मुलाचे घराशी, शाळेशी, समाजाशी जुळणे. जो जुळला तो निरोगी, न जुळला तो समस्याग्रस्त. समजा, नववीतला एक मुलगा मागच्या बाकावर बसतो, बोलत नाही, डबा एकट्याने खातो. समुपदेशक नोंद करील : लाजाळू, एकलकोंडा, आत्मविश्वास कमी, समायोजन असमाधानकारक. मग त्याला संवादकौशल्याचे सहा तास दिले जातील. पण त्याच्या शेजारी डबा उघडायला कुणी तयार नाही, हे कुठल्या रकान्यात लिहायचे? तसा रकानाच छापलेला नाही. दोष मुलात शोधायचा आणि उपचारही मुलावरच करायचे, असा या विद्येचा पिंड आहे. जातीच्या समाजाशी जो सुखाने जुळवून घेतो, तोच खरे तर चिंतेचा विषय असला पाहिजे. चवदार तळ्यावर १९२७ साली जमलेले लोक या शास्त्राच्या भाषेत किती मार्कांनी नापास झाले असते, याचा कुणी हिशेब करून पाहावा.

दुसरा शब्द 'मागास'. मार्गदर्शनाच्या पुस्तकांत विशेष गटांचे प्रकरण असते : प्रतिभावान, मागास, अपराधी वगैरे. तिथे मागास म्हणजे अभ्यासात वयाच्या मानाने मागे पडलेला. हा अर्थ रूढ झाला सिरिल बर्टच्या १९३७ च्या पुस्तकामुळे. बुद्धी आनुवंशिक असते असे सांगणारा हा बर्ट. त्याच्या मृत्यूनंतर, १९७० च्या दशकात, त्याने जुळ्यांच्या अभ्यासातली आकडेवारी रचल्याचा गंभीर आरोप झाला. आपल्या कायद्यात मागास म्हणजे ज्यांना समाजाने मागे ठेवले ते. एका शब्दात दोन अर्थ राहू लागले की शिक्षकाच्या डोक्यात त्यांची सरमिसळ होते. ती व्हावी असे कुणाला वाटत नसेलही, पण ती होते. बुद्धिमापनाचेही तसेच. वि. वि. कामत यांनी १९३० च्या दशकात मराठी व कानडी मुलांसाठी बिने-चाचणीचे रूपांतर केले. त्या काळात ते मोठे काम होते, यात शंका नाही. पण त्या काळी शाळेत बसलेली मुले कोण होती? त्यांच्यावरून ठरलेले मानदंड पुढे कितीतरी दशके सर्वांना लावले गेले. २०१६ साली महाराष्ट्रात दहावीला कल चाचणी सुरू झाली. कल म्हणजे आवड. जे पाहिलेच नाही त्याची आवड मुलाने कुठून आणावी? ऊसतोडीच्या फडावर सहा महिने काढणाऱ्या मुलाला सूक्ष्मदर्शकाची आवड आहे का, हे विचारण्याआधी तो त्याला दाखवायला हवा.

प्रशिक्षणात कार्ल रॉजर्सही शिकवला जातो. समोरच्याला विनाअट स्वीकारावे, त्याच्यावर निर्णय लादू नये, ही त्याची शिकवण. ती मला मोलाची वाटते, आपल्या शाळांत तर दुर्मीळच. पण तिचा आधार घेऊन जो तटस्थतेचा सोवळेपणा पाळला जातो, तो वेगळा. शिष्यवृत्तीच्या यादीचे जाहीर वाचन करून मुलांना उभे करणाऱ्या शिक्षकापुढे तटस्थ राहणारा समुपदेशक मुलाशी तटस्थ राहत नाही, एवढे तरी मान्य व्हावे.

अमेरिकेतल्या या व्यवसायाला काळ्या आणि इतर वंचितांच्या दबावाने थोडे तरी बदलावे लागले. १९९२ साली सू, अरेडोंडो आणि मॅकडेव्हिस यांनी बहुसांस्कृतिक समुपदेशनाच्या क्षमतांची मांडणी केली. समुपदेशकाने प्रथम स्वतःचे पूर्वग्रह तपासावेत, ही तिच्यातली पहिली अट. आज तिथे मान्यताप्राप्त पदव्युत्तर अभ्यासक्रम ४८ श्रेयांकांवरून ६० वर गेला आहे. १०० तास प्राथमिक सराव, वर ६०० तासांची आंतरवासिता, आणि समाज व संस्कृती हा विषय सक्तीचा. यामुळे तिथला वर्णभेद गेला असे कुणी म्हणणार नाही. पण गोऱ्या विद्यार्थ्याला निदान वर्गात बसून आपल्या गोरेपणाविषयी बोलावे लागते. आपल्या प्रशिक्षणार्थीला आपल्या जातीविषयी बोलावे लागते का? तो 'आम्ही जात मानत नाही' म्हणतो आणि मोकळा होतो.

तंत्रात 'व्यक्ति-अभ्यास' नावाचा प्रकार असतो. छापील नमुना, वीस-पंचवीस रकाने, शेवटी निष्कर्ष. प्र. ई. सोनकांबळ्यांचे 'आठवणींचे पक्षी' हे आईबापांविना शाळेसाठी धडपडणाऱ्या मुलाचे आत्मकथन या रकान्यांत बसवून पाहावे. काय काय बाहेर राहते त्याची यादी करावी. ही यादी म्हणजे नव्या अभ्यासक्रमाचा मसुदा होईल. दलित आत्मकथने मराठीच्या प्राध्यापकांनी भाषाशैलीसाठी शिकवली. शिक्षणशास्त्राच्या विभागांनी ती पुरावा म्हणून उघडलेली मला दिसली नाहीत.

नवी पदे भरताना आरक्षण पाळले जाईल की कंत्राटाच्या वाटेने ते टाळले जाईल, यावर कार्यकर्त्यांनी आत्तापासून लक्ष ठेवावे. आणि अभ्यासमंडळांवर जे आपले शिक्षक आहेत, त्यांनी एक मागणी रेटावी. आंतरवासितेचे तीन महिने मागासवर्गीय वसतिगृहात किंवा आश्रमशाळेत काढणे सक्तीचे करा. आणि परीक्षकाने प्रशिक्षणार्थीची वही तपासताना किती मुले शांत केली हे पाहू नये. मुलांनी सांगितलेले घेऊन तो किती शिक्षकांकडे, अधीक्षकांकडे आणि मुख्याध्यापकांकडे गेला, आणि तिथून काय उत्तर घेऊन आला, ते पाहावे.