पेट्रोलचा काटा वाचताना

मोटारीच्या डॅशबोर्डवर पेट्रोलच्या काट्याइतका त्रोटक मजकूर दुसरा नसेल. एफ आणि ई ही दोन अक्षरे, मध्ये चार-पाच रेघा, खालच्या टोकाला तांबडी पट्टी. तरी तो लक्ष देऊन वाचावा लागतो, कारण त्याची चाल एकसारखी नसते. टाकी फुल्ल करून पुण्याहून निघावे, खंबाटकी घाट ओलांडावा, तरी कित्येक गाड्यांत काटा एफ सोडायला तयार नसतो. अर्ध्यावर आला की भराभर उतरतो आणि तांबड्या पट्टीत शिरला की पुन्हा रेंगाळतो. ‘काटा खोटं दाखवतो’ असे म्हणून आपण पुढे जातो. मला मात्र या खोटेपणातच त्याची खरी रचना दिसते.

टाकीत एक फ्लोट तरंगत असतो. पेट्रोल खाली गेले की त्याचा दांडा खाली येतो आणि रोधकाच्या पट्टीवरून सरकतो; एका रूढ पद्धतीत रिकाम्या टाकीला 240 ओम, भरलेल्या टाकीला 33. म्हणजे काट्याला लिटर ठाऊक नाहीत, फक्त पातळीची उंची ठाऊक आहे. टाकी चौकोनी डब्यासारखी असती तर दोन्ही एकच झाले असते. पण ती मागच्या सीटखाली, एक्झॉस्टच्या पाइपला आणि चाकांच्या जोडणीला वाट देत, उरलेल्या जागेत बसवलेली असते. तळाकडे निमुळती होणाऱ्या टाकीत वरचे एक लिटर पातळी जेमतेम हलवते, खालचे एक लिटर तिला बरेच खाली नेते. उत्तरार्धातली ती घाई इथून येते. सुरुवातीचे रेंगाळणे वेगळे: टाकी काठोकाठ भरण्याआधीच फ्लोट आपल्या वरच्या मर्यादेला टेकलेला असतो. त्यावर चढलेले पेट्रोल जळेपर्यंत काट्याला सांगण्यासारखे काहीच नसते.

घाटाच्या चढावर पेट्रोल टाकीच्या मागच्या भिंतीकडे सरकते. फ्लोट कुठे बसवला आहे त्यावर काटा चढेल की पडेल ते ठरते. वळणावर, ब्रेक मारताना हेच. हा प्रत्येक हिंदकळा काट्याने दाखवला असता तर त्याच्याकडे बघवले नसते. जुन्या गाड्यांनी यावर काढलेला उपाय ही मला या यंत्रातली सर्वांत सुंदर जागा वाटते. तिथे काट्यामागे द्विधातूची पट्टी असे, तिच्याभोवती तारेचे वेटोळे. वीज वाहिली की तार तापे, पट्टी वाके, काटा हले. तापायला आणि निवायला वेळ लागतो, म्हणून हिंदकळे त्या उष्णतेतच विरून जात. किल्ली फिरवल्यावर काटा कसा सावकाश उठत जाई, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना आठवेल. नव्या गाड्यांत हेच काम संगणक सरासरी काढून करतो. दोन्हींत या क्षणाचा अचूकपणा सोडून दिला आहे, तोही जाणूनबुजून.

ई या अक्षराचेही तसेच. काटा तिथे टेकला तरी बहुतेक गाड्यांत काही लिटर शिल्लक असते. बजाजच्या जुन्या स्कूटरला काटा नसे. गाडी गचके खाऊ लागली की पेट्रोलची चावी रिझर्व्हवर फिरवायची. तो साठा दिसत नसे, पण तो उरला आहे याची खात्री हाताला असे. मोटार बनवणाऱ्यांनी तीच खात्री ई च्या खाली लपवली. इंधनाचा पंप टाकीतल्या पेट्रोलमध्येच बुडून थंड राहतो, तो कोरडा पडू नये हाही त्यात हेतू आहे. शेजारच्या स्पीडोमीटरला तर अनेक देशांत नियमच आहे: खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवला तर काही मर्यादेपर्यंत चालेल, कमी दाखवलेला मुळीच चालणार नाही. चालवणाऱ्याला सांभाळून घेणारी चूक दोन्ही तबकड्यांनी निवडली आहे.

सगळ्याच चुका अशा मायेच्या नसतात. 2004 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा आणि लुइझियानात पेट्रोलमध्ये जास्तीचे गंधक आले. फ्लोटच्या दांड्याला जोडलेले चांदीचे संपर्क गंजले आणि पुष्कळ गाड्यांचे गेज बिघडले. अशा बिघाडात काटा भरलेली टाकी दाखवत राहू शकतो आणि गाडी रस्त्यात बंद पडते. सांभाळून घेणारी चूक आणि दगा देणारी चूक यांतला फरक अशा वेळी कळतो.

आता काट्याजवळ एक आकडाही झळकतो: अजून किती किलोमीटर जाता येईल. तो पाहून निर्धास्त होणारे पुष्कळ आहेत, पण माझा विश्वास काट्यावर जास्त आहे. हा आकडा नुकत्याच झालेल्या खर्चावरून पुढचा अंदाज बांधतो. त्यामुळे घाट चढताना तो झपाट्याने उतरतो आणि उतारावर चक्क वाढतो. पेट्रोल मात्र तेवढ्या वेळात कमीच झालेले असते.