गाळलेला पाठ

२०२२ साली कर्नाटकातील पाठ्यपुस्तकांची फेरमांडणी झाली. आठवीच्या कन्नड पुस्तकात के. टी. गट्टी यांचा सावरकरांवरील पाठ आला. अंदमानच्या कोठडीत बुलबुल येत, त्यांच्या पंखांवर बसून सावरकर रोज मातृभूमीला भेटून येत, असे त्यात होते. हे रूपक आहे, असा बचाव झाला; परंतु रूपकाची खूण वाक्यात कोठेच नव्हती. वाङ्मयीन आक्षेप एवढाच, आणि तो पुरेसा. २०२३ मध्ये नव्या सरकारने पाठच गाळण्याचे ठरविले. उपाय सोपा खरा, पण दरिद्री! बेंगळुरूच्या राजाजीनगरातील एखाद्या जाणत्या शिक्षकाने याच वाक्यावरून रूपक व वृत्त यांतील भेद मुलांकडूनच वदवून घेतला असता. देवनूर महादेव यांनी २०२२ मध्येच दहावीच्या पुस्तकातील आपल्या लेखाची संमती काढून घेतली. तेथे निर्णय निदान लेखकाचा होता.