न जुळलेल्या रक्ताची गोष्ट

मराठी समीक्षेत 'नाळ' हा शब्द फार स्वस्त झाला आहे. लेखकाची मातीशी नाळ, कवीची परंपरेशी नाळ, कार्यकर्त्याची जनतेशी नाळ. उर्दूतही जिथे आंवल-नाल गाडली ते वतन, असे म्हणण्याची रीत आहे. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपणही पुन्हा पुन्हा हेच सांगत आलो आहोत की आमची नाळ याच मातीत पुरलेली आहे. ते खरेच आहे. पण शब्द इतका वापरला गेला की नाळ ही शरीराची वस्तू आहे, तिच्यात रक्त असते, याचा आपल्याला विसर पडला. मला त्याची आठवण एका शेजारणीने करून दिली.

मी समीक्षक नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते आणि वाघोलीहून रोज नगर रस्त्याच्या गर्दीतून शाळेत जाते-येते. सहा वर्षांपूर्वी आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या भाभींच्या मुलीला ताप येऊ लागला. मुलगी सहा वर्षांची. अंगावर काळेनिळे डाग, पाय दुखतात म्हणून रात्रभर रडणे. तपासण्या झाल्या आणि रक्ताचा कर्करोग निघाला. भाभींना तेव्हा सातवा महिना होता. कोणीतरी सांगितले की होणाऱ्या बाळाच्या नाळेतले रक्त साठवून ठेवा, त्याने बहीण वाचेल. एका खासगी रक्तपेढीचा माणूस रंगीत फाईल घेऊन घरी आला. भाभींच्या बांगड्या गेल्या, भिशी उचलली गेली. दादी सगळ्यांना सांगू लागल्या, "अल्लाहने इसको बहन के वास्ते भेजा है." जन्माच्या आधीच त्या बाळाला काम नेमून दिलेले होते.

मुलगा झाला. रक्त साठवले गेले. काही आठवड्यांनी तपासणीचा अहवाल आला की बहिणीशी जुळत नाही. अकीका झाला, पण घरात खुशी नव्हती. दादी म्हणाल्या, "इसका खून तो काम का नइं निकला." मी त्या वेळी तिथेच बसले होते. वर्गात मी पुष्कळ मुलांना नापास होताना पाहिले आहे, पण जन्मताच नापास झालेले मूल मी पहिल्यांदा पाहिले.

मुलगी मात्र औषधांनी बरी झाली. डॉक्टरांनी पहिल्या दिवसापासून हेच सांगितले होते. लहान मुलांत सर्वांत अधिक आढळणाऱ्या या रक्ताच्या कर्करोगावर मुख्य उपचार किमोथेरपी हाच आहे. तो दोन-अडीच वर्षे चालतो. साधनसंपन्न देशांत अशा शंभरातली सुमारे नव्वद मुले वाचतात आणि मूळपेशींचे रोपण त्यांपैकी थोड्यांनाच लागते. पण घरातल्या कोणाच्या कानावर ते नीट गेले नव्हते. त्यांच्या मनात एकच गोष्ट घट्ट बसली होती, की रक्ताचे नाते रक्त देऊनच सिद्ध होते. ही गोष्ट त्यांना कोणी शिकवली? माझ्या मते त्यात आपल्या कथा-कादंबऱ्यांचा आणि चित्रपटांचा मोठा वाटा आहे. म्हणून हा लेख.

प्रथम आपल्याकडचे पाहू. 'आनंद' (१९७१) या चित्रपटाने कर्करोगाला हसत हसत मरण्याची रीत घालून दिली. 'अँखियों के झरोखों से' (१९७८) मध्ये नायिकेला रक्ताचा कर्करोग होतो आणि तिचे मरण प्रेमाला पवित्र करते. दोन्ही चित्रपट मी रडत पाहिले आहेत, त्यांना नावे ठेवण्याची इच्छा नाही. पण त्यांत आजारी माणूस शहाणा, सोसणारा, जवळजवळ फरिश्ता असतो आणि बाकीचे त्याच्याभोवती रडण्यासाठी असतात. घराचा हिशेब, दवाखान्याची रांग, शाळेत मागे पडणारे धाकटे भावंड यांना तिथे जागा नाही.

या परंपरेला छेद दिला तो 'श्वास' (२००४) या मराठी चित्रपटाने. माधवी घारपुरे यांच्या कथेवरचा, संदीप सावंत यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट डोळ्यांच्या कर्करोगाचा आहे. जीव वाचवायचा तर कोकणातून आलेल्या लहानग्या परशाची दृष्टी जाणार. त्यातला परशा फरिश्ता नाही. तो चिडतो, ओरडतो, हट्ट करतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे त्याला सांगायचे की नाही, आणि कोणी सांगायचे, हा चित्रपटाचा मुख्य प्रश्न आहे. मुलाच्या शरीराबद्दल मुलाशी बोलले पाहिजे, हा विचार मराठीत इतक्या साधेपणाने क्वचितच आला असेल. पण 'श्वास'मध्ये भावंड नाही. भावंडाचा प्रश्न आला की आपल्याला दूरच्या एका कादंबरीकडे जावे लागते.

जोडी पिकोल्ट या अमेरिकन लेखिकेची 'माय सिस्टर्स कीपर' ही कादंबरी २००४ साली आली. केट या मुलीला रक्ताचा कर्करोग आहे. तिच्याशी रक्त जुळेल असा गर्भ निवडून आईबाप ॲनाला जन्म देतात. जन्मताच ॲनाच्या नाळेतले रक्त केटला दिले जाते. पुढे रोग उलटत राहतो आणि मागण्या वाढत जातात. रक्तपेशी, मग अस्थिमज्जा, शेवटी मूत्रपिंड. तेरा वर्षांची ॲना वकील गाठते आणि आईबापांवर दावा लावते की माझ्या शरीराचा निर्णय मला घेऊ द्या.

ही कल्पना हवेतली नव्हे. नाळेतल्या रक्ताचे जगातले पहिले रोपण १९८८ साली पॅरिसमध्ये एलियान ग्लुकमन या डॉक्टरांनी केले. फँकोनी ॲनिमिया या आनुवंशिक आजाराच्या पाच वर्षांच्या मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतले रक्त दिले गेले. २००० साली अमेरिकेत याच आजाराच्या एका मुलीसाठी गर्भ निवडून भावाला जन्म दिला गेला. आपल्याकडे अहमदाबादच्या एका थॅलेसेमियाग्रस्त मुलासाठी अशीच निवड करून २०१८ साली बहीण जन्मली आणि २०२० मध्ये तिची अस्थिमज्जा त्याला दिली गेली. कादंबरीचे मोल विज्ञान सांगण्यात नाही. ज्याच्याकडून घेतले जाते त्या मुलाला तिने तोंड दिले, हे तिचे मोल.

कादंबरीच्या शीर्षकात एक जुना प्रश्न दडलेला आहे. बायबलमधल्या कथेत भावाला मारल्यावर काबील विचारतो, मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे? कुरआनात सूरह माइदामध्ये हाबील-काबीलची कथा येते, तिथे हा प्रश्न नाही. पण एक जीव वाचवण्याची महती सांगणारी प्रसिद्ध आयत त्या कथेला लागूनच येते. भावाने भावाचा घेतलेला जीव आणि माणसाने माणसाचा वाचवलेला जीव शेजारी शेजारी. मुस्लिम वाचकाला ही कादंबरी या बाजूनेही वाचता येईल.

मात्र माझे दोन आक्षेप आहेत. पहिला शेवटाबद्दल. न्यायालय ॲनाच्या बाजूने निकाल देते आणि लगेच ती मोटार अपघातात जाते. तिचे मूत्रपिंड केटला मिळते. म्हणजे लेखिकेने सारा ग्रंथभर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एका अपघाताने देऊन टाकले. जी मुलगी 'नाही' म्हणण्याचा हक्क मिळवते, तिला तो वापरण्यासाठी एक दिवसही जगू दिले नाही. २००९ च्या चित्रपटात उलट केटच जाते. तो शेवट मला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण तिथे मरण आजाराचे आहे, योगायोगाचे नाही.

दुसरा आक्षेप मोठा आहे. या कुटुंबात आणखी एक मूल आहे, जेसी, थोरला भाऊ. केटला आजार झाला तेव्हा प्रथम त्याचे रक्त तपासले गेले आणि ते जुळले नाही. तिथून तो घराच्या नजरेतून उतरला. पुढे तो दारू पितो आणि आगी लावतो. बाप अग्निशमन दलात, मुलगा आग लावणारा. त्याला निवेदन मिळते, पण लेखिका त्याला बिघडलेला मुलगा म्हणून बाजूला ठेवते आणि कथा पुन्हा जुळलेल्या मुलीकडे वळते. चित्रपटात तर तो आणखी आटतो. मला मात्र ही कादंबरी जेसीची वाटते. कारण जेसी मी पाहिला आहे. तो आमच्या इमारतीत जिन्यावर खेळतो.

साधे गणित पाहावे. सख्ख्या भावंडांचे रक्त पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. चारांपैकी तीन वेळा ते जुळत नाही. मग साहित्यात नेहमी ते एकच का येते? जुळले की गोष्ट घडते, न जुळले की काहीच घडत नाही, असे लेखक मानतो. पण न जुळल्यावरच तर खूप काही घडते. आईचा चेहरा उतरतो, दादी एक वाक्य बोलून जातात आणि ते वाक्य मूल आयुष्यभर बाळगते.

जाहिरातीही हीच गोष्ट विकतात. बाळाच्या भविष्याचा विमा म्हणून नाळ साठवा, असे सांगितले जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुलाच्या स्वतःच्या भावी वापरासाठी असे रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही. रक्ताच्या कर्करोगाचे बीज अनेकदा जन्माच्या वेळीच रक्तात असते, त्यामुळे त्या मुलाला त्याचेच रक्त देऊन भागत नाही. घरात आधीच आजारी भावंड असेल तर गोष्ट निराळी, तिथे साठवणे योग्य ठरू शकते. म्हणजे भाभींनी केले ते चूक नव्हते. नाळ कापल्यावर जे रक्त फेकूनच दिले जाते, ते घेताना आईला किंवा बाळाला इजा होत नाही. मक्केच्या इस्लामी फिकह परिषदेनेही २००३ साली ते जायज ठरवले आहे. चूक होती ती अपेक्षेत. रक्त साठवा, पण मुलाला साठवणीची वस्तू करू नका.

आपल्या परंपरेत या विचाराला आधार आहे. दूधशरीक भावंडांचे नाते शरीअत मानते. एका आईचे दूध प्यायलेली मुले भावंडे होतात. रक्त दिल्याघेतल्याने मात्र असे नाते जुळत नाही. नाते ठरवताना पाजणाऱ्या आईला मान आहे, रक्ताच्या बाटलीला नाही. 'नाळ' (२०१८) या मराठी चित्रपटातला चैत्याही शेवटी याच जागी येतो. जन्म देणारी कोण आणि वाढवणारी कोण, याचा शोध घेताना त्याला आणि आपल्याला कळते की कापल्यावरही उरते ती नाळ रक्ताची नसते.

मुस्लिम मराठी लेखकांनी दंगली लिहिल्या, तलाक लिहिला, दारिद्र्य लिहिले. ते लिहिलेच पाहिजे होते. पण आपल्या घरातला आजार, दवाखान्याच्या दारात तसबीह घेऊन बसलेली दादी, भिशी उचलणारा बाप, आणि कोणाच्याच उपयोगी न पडलेले धाकटे मूल अजून आपल्या कथेत आलेले नाही. ते यावे, अशी माझी विनंती आहे. त्यासाठी वैद्यकशास्त्राचे पुस्तक लिहायला नको. जिन्यावर बसून एका मुलाचे ऐकले तरी पुरे.

मागच्या महिन्यात मी त्या मुलाला सहज विचारले, "शाळेत कोणत्या वर्गात घातलं तुला?" वर्ग सांगून तो आपणहून म्हणाला, "आपा बीमार थी ना, तब मेरा खून नइं मिला था." जणू नावानंतर सांगायचे ते आडनावच. त्याची आपा वरच्या पायरीवर गृहपाठ करत होती. तिने मान वर न करता म्हटले, "तो क्या हुआ? तू मेरे साथ खेला ना."

आपल्या साहित्याला हे वाक्य अजून सुचलेले नाही. बारा वर्षांच्या मुलीला सुचले.