दोन मिनिटांची खडाखडी

आज न्यायदर्शनातला एक मुद्दा आपण खेळण्यावरून पाहू. सप्टेंबर 2014 मध्ये निन्टेंडोच्या थ्रीडीएस या हातात धरायच्या यंत्रासाठी 'सुपर स्मॅश ब्रदर्स' या मारामारीच्या खेळाचा डेमो आला. मारिओ, लिंक, पिकाचू, व्हिलेजर, मेगा मॅन अशी पाचच पात्रं, एकच आखाडा, दोन मिनिटांची लढत. तेवढ्यावर खेळणारे म्हणाले, पडदा लहान आहे, अंगठा अवघडतो, पण मजा येते.

आम्ही अडलो ते 'पहिला अनुभव' या शब्दांशी. नैयायिक सांगतात, निर्विकल्पक प्रत्यक्षात नाव, जात काहीच जोडलेलं नसतं, म्हणून ते शब्दांत येत नाही. 'लहान' म्हटलं की तुलना आली. घरचा टीव्ही आला, मोठ्या कंट्रोलरची सवय आली. बोलून दाखवलेला पहिला अनुभव हा असा दुसराच असतो.

मग तो खोटा का? नाही हो! अंगठा अवघडला तर अवघडलाच. पण तेवढ्यावरून 'खेळ फसला' म्हणणं ही उडी झाली. कुस्तीत खडाखडी बघून ताकदीचा अंदाज येतो, निकाल लागत नाही. इथे क्रांती चौकातला महाराजांचा पुतळासुद्धा पुलाखालून वेगळा दिसतो आणि पुलावरून वेगळा.

आम्ही आयुष्यभर तोंडी परीक्षा घेतल्या. दहा मिनिटांत पोरांना गुण देऊन मोकळे झालो. त्यातली किती जण घाबरून गप्प बसली होती, हे विचारायचं मात्र राहून गेलं.